हलतंय का अजून?

चला, बूट घाला. चामड्याचे, टाच वाजणारे नकोत; धावायचे घाला. आज रात्री तुम्हाला दहा-अकरा किलोमीटर चालत घरी जायचंय आणि ही गोष्ट अख्ख्या टोकियोत सध्या फक्त तुम्हालाच माहीत आहे. कोट जाडच घ्या. मार्च असला म्हणून काय झालं, इथला मार्च पुण्याच्या डिसेंबरलाही भारी पडतो. दुपारचं जेवण पोटभर करा, कारण रात्री दुकानात भाताचा एक गोळासुद्धा उरलेला नसेल.

११ मार्च २०११, शुक्रवार. पावणेतीन वाजून गेलेत. तुम्ही ओतेमाचीतल्या एका उंच इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर, कॉम्प्युटरसमोर बसला आहात. घर निशी-कासाईला. तोझाई लाइनच्या त्या स्टेशनाबाहेर तूरडाळ मिळते आणि रविवारी सकाळी मराठीतून घासाघीस ऐकू येते. ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती. कुणाच्या तरी कॉफीचा वास, हीटरची कोरडी ऊब, कीबोर्डची टकटक. निम्म्या लोकांच्या तोंडावर पांढरे मास्क. ते सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या परागकणांसाठी आहेत. दर वसंतात या शहराचं नाक गळतं. पण हे मास्क लक्षात ठेवा. दोन-चार दिवसांत त्यांना दुसरं काम लागणार आहे.

जमीन हलू लागते, तरी कीबोर्ड थांबत नाहीत. टोकियोत भूकंपाचं कौतुक नसतं. लोक मान वर न करता मनातल्या मनात आकडा लावतात: दोन असेल, तीन असेल. पण हा थांबायचं नाव घेत नाही. खिडक्यांचे पडदे काचेवर खडखडू लागतात, कपाटांचे खण एकामागून एक पुढे सरकतात, आणि मग इमारतीच्या पोटातून एक लांबलचक करकर येते, जी तुम्ही आयुष्यात ऐकलेली नाही. फरशी डावीकडे जाते, तुम्ही उजवीकडेच राहता. फरशी परत येते, तोवर तुमचा तोल गेलेला असतो.

तुमचं मराठी शरीर दाराकडे झेपावतं. त्याचा दोष नाही. किल्लारीच्या त्या पहाटेनं आपल्याला एकच धडा शिकवला: घर अंगावर येतं, बाहेर पळा. इथे मात्र शेजारच्या टेबलावरच्या बाई तुमची बाही धरून तुम्हाला खाली खेचतात. टेबलाखाली! इथे बाहेर पळायचं नसतं. बाहेर वरून काचा पडतात. गुडघे पोटाशी घेऊन तुम्ही गालिच्याच्या धुळीचा वास घेत बसता, आणि तिथून खिडकी दिसते. खिडकीतून समोरच्या इमारती. त्या डुलतायत. बांबूच्या बेटासारख्या, प्रत्येकीचा झोका वेगळा. त्यांनी डुलावं म्हणूनच तशा बांधल्यात, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं. डोक्याला ते पटलंही होतं. पोटाला आत्ता कळतंय.

पाच-सहा मिनिटं. मग टेबलांखालून माणसं निघतात, केस नीट करतात, आणि प्रत्येक जण आपल्या जागेखालून एक पांढरं हेल्मेट काढून डोक्यावर चढवतो. टाय, सूट आणि हेल्मेट. हसू नका. अर्ध्या तासात पुन्हा एक जोरदार हादरा बसतो आणि तुम्हीही हेल्मेट शोधू लागता.

मीटिंगच्या खोलीत कुणीतरी टीव्ही लावलाय. हेलिकॉप्टरमधून दिसतंय की काळं पाणी शेतांवरून सरकतंय. प्लास्टिकच्या हरितगृहांच्या रांगा त्याच्याखाली एकेक करून नाहीशा होतायत, आणि रस्त्यावर एक गाडी अजून धावते आहे. खोलीत वीस माणसं आहेत आणि कुणाचाही आवाज नाही. तिकडच्याच, मियागीच्या गावचा एक मुलगा फोन कानाला लावून उभा आहे. लागत नाहीये. तो खाली ठेवतो, परत लावतो.

लिफ्ट बंद. तेवीस मजले जिने उतरून तुम्ही रस्त्यावर येता, तेव्हा अंधार पडू लागलाय आणि जे.आर. रेल्वेनं सांगून टाकलंय की आज गाड्या धावणार नाहीत. पुढे हिशेब निघाला तेव्हा कळलं, त्या दिवशी महानगर परिसरात पन्नास लाखांहून जास्त माणसं घरी पोचू शकली नव्हती. आत्ता तुम्हाला आकडा कशाला हवाय? समोर बघा. फुटपाथ भरून माणसं पूर्वेकडे चाललीत. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. फक्त हजारो पावलांचा घासत जाणारा आवाज आणि मधूनमधून टाचांची टकटक. रस्त्यात टॅक्स्यांचे लाल दिवे जिथल्या तिथे उभे. बुटांच्या दुकानात बायका रांगेत आहेत. उंच टाचांचे जोडे पिशवीत टाकून नवे कोरे पळायचे बूट घालून बाहेर पडतायत. सायकलींच्या दुकानात एकही सायकल उरलेली नाही. हिरव्या सार्वजनिक फोनसमोर तीस-चाळीस जण. आज फोन फुकट आहे, म्हणून कुणी लांबवत नाही. ‘बरी आहे, चालत येतेय’ एवढंच बोलून पुढची बाई बाजूला होते.

दुकानांतले भाताचे गोळे संपलेत, पाव संपलेत, सँडविचं संपलीत. आश्चर्य म्हणजे गोड बिस्किटं बरीच उरलीत. एका चहाच्या दुकानदारानं दाराबाहेर टेबल मांडून कागदी पेल्यांत गरम चहा ठेवलाय आणि पुठ्ठ्यावर लिहिलंय: शौचालय वापरा. तुम्ही दोन्हींचा लाभ घ्या, लाजू नका. अजून सुमिदा नदीवरचा एइताई पूलही आलेला नाही.

पुलावर वारा कापत जातो. कुणीतरी मध्येच थांबतं, आणि सगळेच थांबतात: हलतंय का? पुलाच्या कठड्याला हात लावून बघतात. हलतंय की नाही, हे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. कान आणि पाय एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. पुढचे कित्येक दिवस तुम्ही पलंगावर पडल्यापडल्या छताच्या दिव्याची दोरी बघत राहाल; ती स्थिर असेल आणि पलंग मात्र हलत असेल. जपानी माणसं याला भूकंपाची नशा म्हणतात. टेबलावर अर्धा पेला पाणी भरून ठेवा. पाण्यावर भरवसा ठेवता येतो. निदान आज तरी.

मोनझेन-नाकाचो, किबा, तोयोचो. मग आराकावा नदीवरचा तो न संपणारा कासाई पूल. उजवीकडे खाडीपलीकडे आभाळ नारिंगी झालंय; चिबातल्या इचिहाराला तेलशुद्धीकरण कारखान्यात गॅसच्या टाक्या पेटल्यात. पलीकडच्या उरायासूत भर टाकलेल्या जमिनीतून पाणी आणि राखाडी चिखल वर आलाय, गटारांची झाकणं कमरेएवढी उभी राहिलीत. हे सगळं तुम्हाला उद्या कळेल. आत्ता फक्त घोट्यांत ठणका आहे.

घरी पोचता. भूक लागलीय आणि शेगडी पेटत नाही. घाबरू नका, हे मी आधीच सांगायला हवं होतं. दाराबाहेर व्हरांड्यात एक पत्र्याचं छोटं दार आहे, त्यात गॅसचा मीटर. मोठा हादरा बसला की तो आपणहून गॅस बंद करतो. लाल दिवा लुकलुकतोय बघा. बाजूची काळी टोपी फिरवून काढा, आतलं बटण जोरात दाबा, सोडा. आता तीन मिनिटं काहीच करायचं नाही. व्हरांड्यातल्या प्रत्येक दारासमोर एकेक माणूस वाकून असाच लाल दिव्याकडे बघत उभा आहे. वरच्या मजल्यावरच्या दादांनी मोबाइलचा उजेड धरलाय. दिवा विझतो. गॅस येतो. रात्री साडेबाराला तुम्ही मऊ भात, मेतकूट आणि तूप खाता.

इथवर ठीक होतं. खरंच ठीक होतं. भूकंपाची भीती अंगाला कळते: ती हलवते, पाडते, थांबते. तिचे नियम शाळेत शिकवलेले असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जी सुरू झाली ती भीती वेगळी.

शनिवारी टीव्हीवर एक चित्र येतं. लांबून, खूप लांबून घेतलेलं. समुद्रकाठी चार निळसर-पांढऱ्या इमारती, त्यातल्या एकीतून पांढरा धूर भसकन बाहेर पडतो आणि तिचं डोकं उडून नुसता सांगाडा राहतो. आवाज नाही. तेवढंच चित्र परत, परत. फुकुशिमा दाइइची, इथून सव्वादोनशे किलोमीटरवर.

तिथे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात हे शहर दुसरं काही बोलणार नाही. भूकंप होताच अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या. पण बंद पडलेली भट्टीही बराच काळ तापलेली राहते; तिला सतत पाणी लागतं, पाण्याला पंप लागतात, पंपांना वीज. बाहेरची वीज भूकंपानं गेली आणि डिझेलची बहुतेक जनित्रं तळघरात होती. सुमारे चौदा-पंधरा मीटरची लाट आली. तयारी होती सहा मीटरहून कमी लाटेची. मग आतलं इंधन तापत गेलं, हायड्रोजन साचला आणि छप्पर उडालं. आधी एक नंबरचं, सोमवारी तीनचं, मंगळवारी पहाटे चारचं.

हे मुलांना कसं सांगायचं? हाचिया काझुहिको नावाच्या एका कलावंतानं ट्विटरवर लिहिलेल्या गोष्टीवरून कुणीतरी कार्टून केलं: अणुभट्टी म्हणजे पोट बिघडलेला एक मुलगा. आत्तापर्यंत फक्त वारा सुटलाय, डॉक्टर आळीपाळीनं येऊन औषध देतायत, पण चड्डीत झालं तर सगळ्यांची पंचाईत. पंधरा दिवसांत शहराला धीर देणारं जे काही कानावर आलं, त्यात मला हेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

कारण दुसरा आवाज होता एदानोंचा. मुख्य कॅबिनेट सचिव युकिओ एदानो, निळसर कामगारी जाकीट घालून, दिवसा-रात्री केव्हाही टीव्हीवर. डोळ्यांखाली काळं. लोकांना त्यांची इतकी काळजी वाटू लागली की इंटरनेटवर ‘एदानो, झोपा’ अशी हाकाटी उठली. आणि हेच एदानो सांगत होते की आरोग्यावर तातडीनं परिणाम होईल अशी पातळी नाही. तुम्ही भाजी चिरता चिरता ऐकता आणि सुरी थांबते. तातडीनं नाही, मग सावकाश होणार का?

टीव्ही बंद करा म्हणाल, तर करवत नाही. सगळ्या कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्यात. त्या जागी सार्वजनिक हिताच्या त्याच चार-पाच जाहिराती, दर दहा मिनिटांनी. एकीत गोजिरे प्राणी नमस्कार करतात, एकीत कानेको मिसुझूची कविता ऐकवतात. आठवड्यात ती कविता तुमच्या पोराला पाठ होते, तुम्हाला नकोशी. मध्येच टीव्हीवर भूकंपाच्या इशाऱ्याची ती टिणटिणणारी धून वाजते आणि पाठोपाठ घरातले सगळे मोबाइल एकदम गुरगुरतात. मग मोजायचं: एक, दोन, तीन… आला. ही धून बांधणारे प्राध्यापक तोहरू इफुकुबे म्हणजे गॉडझिलाच्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या अकिरा इफुकुबेंचे पुतणे. अणुचाचणीनं उठवलेला तो राक्षस टोकियोच्या घराघरांत असाही पोचलाय.

सोमवारी कामावर जा. जाच, म्हणजे कळेल. वीज कमी पडतेय म्हणून गाड्या निम्म्या केल्यात. सरकते जिने उभे, स्टेशनात अर्धे दिवे, आणि फलाटावर तीन गाड्यांची माणसं. डब्यात शिरता तेव्हा पाय जमिनीला टेकतात, बाकीचं शरीर दुसऱ्यांच्या भरवशावर. बाहेर थंडी, आत ओल्या लोकरीचा आणि मास्कमधल्या श्वासाचा उबट वास; खिडकी उघडावी असं सगळ्यांनाच वाटतंय आणि कुणीच उघडत नाही. आठवड्यापूर्वी हवा आत यावी म्हणून कुणी खिडकी उघडली असती. आज हवा आत येईल म्हणून ती बंद आहे.

तुमच्या शेजारचे काका पेपर चौपदरी घडी करून वाचतायत. पेपरात हवामानाच्या कोपऱ्याशेजारी आता नवा कोपरा: कुठल्या गावी किती मायक्रोसीव्हर्ट. आठवड्यापूर्वी हा शब्द भौतिकशास्त्राच्या पोरांना ठाऊक होता; आता चहाच्या टेबलावर मिली आणि मायक्रोत किती शून्यांचा फरक यावर वाद होतात. भारनियमनाचं वेळापत्रक पाच गटांत विभागलंय, आणि ते सकाळी बदलतं. आपल्याकडच्या माणसाला यात नवल काय वाटणार! मेणबत्ती कुठे ठेवायची हे तुम्हीच चार जणांना शिकवता. टोकियोच्या मुख्य भागात तर वीज फारशी जातच नाही. ती जाते कडेच्या उपनगरांत, आणि तिथे लोक चिडलेत. ओसाकाहून का आणत नाहीत वीज? कारण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं जर्मन यंत्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन, आणि मधल्या रूपांतर केंद्रांतून जाते ती वीज म्हणजे धारच. आणि एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते: फुकुशिमातली ती भट्टी फुकुशिमाच्या घरांसाठी नव्हतीच. टोकियोतल्या गिंझाच्या दिव्यांसाठी होती.

आपल्याकडे तेव्हा एक ई-मेल फिरत होता. जपानी माणसाकडून शिकण्यासारखं काय काय: शिस्त, संयम, रांगा. तो लिहिणाऱ्याला तुम्ही निशी-कासाईच्या सुपरमार्केटात घेऊन या. रांग आहे, खरी आहे, कुणी मध्ये घुसत नाही. पण रांगेतल्या प्रत्येकाच्या हातगाडीत टॉयलेट पेपरचे दोन-दोन गठ्ठे आहेत. तांदूळ नाही, दूध नाही, बॅटऱ्या नाहीत, कप नूडल्सची फळी पुसून काढल्यासारखी. आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो आणि दहीसुद्धा नाही. ती आंबवायला अखंड वीज लागते. एक आजी शेवटचा पाव उचलते, मागच्या बाईकडे बघते, वाकून माफी मागते आणि पाव पिशवीत टाकते. शिस्त आणि साठेबाजी एकाच पिशवीत बसू शकतात. त्यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. भीतीला काहीतरी हातात धरायला लागतं, आणि टॉयलेट पेपर हलका असतो.

अफवाही येतात. तेलाच्या टाक्या पेटल्यात म्हणून विषारी पाऊस पडणार, अंग झाका. गुळण्या करायचं आयोडीनचं औषध प्या. (पिऊ नका! किरणोत्सर्ग-विज्ञान संस्थेलाच तसं जाहीर करावं लागलं.) समुद्रशेवाळ खा. चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची पोती उचललीत. आणि पुण्याहून फोन.

“बाळा, इथे सगळ्या चॅनेलवर दाखवतायत, टोकियो रिकामं होतंय म्हणे. तू अजून तिथेच?”

“आई, भाजी घेतली आत्ताच. पालक सोडून.”

“पालकाला काय झालं?”

काय सांगणार? इबाराकीच्या पालकात आयोडीन सापडलं, फुकुशिमाच्या दुधात सापडलं. पालक हिरवागार, टवटवीत, भाव निम्मा. हातात घेऊन बघा. वास घ्या. ओल्या मातीचा चांगला वास येतो. हीच तर पंचाईत आहे. नासलेलं दूध नाकाला कळतं. हे डोळ्याला, नाकाला, जिभेला कशालाच कळत नाही.

तुमच्या इमारतीतली निम्मी घरं आठवड्यात बंद होतात. शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात परत येण्याचा शिक्का घ्यायला रांग इमारतीबाहेर पडलीय. तेव्हाच्या नियमानं, तो नसेल तर एकदा गेलेल्याचा व्हिसा संपायचा. पोरं खांद्यावर, पासपोर्ट दातांत. जाणारे राहणाऱ्यांच्या नजरेला नजर देत नाहीत, राहणारे जाणाऱ्यांना खोटं हसून ‘जाऊन या’ म्हणतात. ऑफिसातल्या त्या बाई, ज्यांनी तुमची बाही धरली होती, एवढंच विचारतात: “तुम्हाला जायला गाव आहे ना?” टोमणा नाही तो. त्यांचं गाव टोकियोच आहे.

तुम्ही राहता. (मी राहायला लावतोय, नाहीतर गोष्ट संपेल.) तीन नंबरच्या भट्टीवर हेलिकॉप्टरमधून पाणी टाकतात ते तुम्ही ऑफिसात उभ्यानं बघता, चार खेपा, आणि बरंचसं पाणी वाऱ्यावर फवारा होऊन उडून जातं. कुणीतरी हळूच म्हणतं, “एवढंच?” त्याच टीव्हीवर कळतं की ओनागावा गावात, जिथे लाटेनं घरं नेली, तिथले तीनशेहून जास्त लोक गावाजवळच्याच अणुवीज केंद्राच्या आवारात आसऱ्याला गेलेत. ते उंचावर होतं, टिकलं होतं, तिथे ऊब होती.

मग २१ तारखेला पाऊस येतो आणि खरा गोंधळ बुधवारी, २३ला. दुपारी जाहीर होतं: कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात आयोडीन-१३१, किलोला २१० बेकरेल. मोठ्यांसाठी मर्यादा ३००, तान्ह्यांसाठी १००. तान्ह्यांना नळाचं पाणी देऊ नका. एदोगावा वॉर्डात, म्हणजे तुमच्या नळाला, तेच पाणी येतं.

वरच्या वहिनी बाळाला कडेवर घेऊन दारात. बाळ आठ महिन्यांचं, वरच्या दुधावर.

“अहो, कालपर्यंत याच पाण्यात पावडर कालवलीय मी. उकळून चालेल का?”

“उकळून जंतू मरतात, वहिनी. हे मरत नाही. आठ दिवसांनी निम्मं होतं, आणखी आठांनी पाव.”

“मग आठ दिवस याला काय पाजू?”

घ्या सायकल. पहिल्या दुकानात पाण्याच्या फळीवर नुसती किमतीची चिठ्ठी. दुसऱ्यात ‘कुटुंबामागे एक बाटली’ अशी पाटी आणि फळी रिकामी. रस्त्याकडेच्या वेंडिंग मशीनपाशी थांबा: काचेमागे सगळ्या बाटल्या दिमाखात उभ्या आहेत, पण पाण्याच्या बाटल्यांखालच्या बटणांवर ‘संपलं’ची लाल अक्षरं पेटलीत. कॉफी आहे, गरम मक्याचं सूप आहे, द्राक्षाचं सरबत आहे. पाणी नाही. पुढचं मशीन, तेच. तिसऱ्या गल्लीत औषधाच्या दुकानात एक बाटली मिळते, फ्रान्सची, महाग. विजयी वीराच्या थाटात तुम्ही जिने चढता. वहिनी बाटली फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचतात. कठीण पाणी. खनिजं जास्त, तान्ह्याला चालत नाही.

ती बाटली तुम्हीच पिता. चव बरी नसते.

दुसऱ्या दिवशी महानगरपालिका तान्ह्या मुलामागे साडेपाचशे मिलीच्या तीन बाटल्या वाटते. सकाळपासून आया रांगेत. झोळ्या, बाबागाड्या, रडारड, पावडरच्या दुधाचा आंबूस-गोड वास. कुणी भांडत नाही, पण प्रत्येक आई दुसरीच्या बाळाकडे बघून मनात वय मोजतेय: हे वर्षाचं झालं असेल का? त्याच दिवशी आकडा ७९वर येतो, बंदी उठते, आणि गव्हर्नर इशिहारा कॅमेऱ्यासमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी पाणी प्यायल्यानं आठ महिन्यांच्या बाळाच्या आईचं समाधान कसं व्हावं, हे त्यांनाच ठाऊक. वहिनी तिन्ही बाटल्या कपाटात ठेवतात आणि कपाटाला कुलूप लावतात.

त्याच सुमारास पावसाच्या डबक्यांच्या कडेला पिवळी रेघ दिसते. गाड्यांच्या टपांवर, गच्चीवर, पिवळी पूड. अधिकाऱ्यांचे फोन खणखणू लागतात. हवामान खातं सांगतं: परागकण. दर वर्षीचे, सुगीचेच! दर वर्षी ज्यांच्यापायी शिंकतो ते परागकण आहेत म्हटल्यावर शहरानं सुटकेचा निश्वास टाकल्याची ही पहिलीच वेळ असावी. मास्क मात्र कुणी काढत नाही.

एप्रिलात चेरी फुलतात आणि उएनोच्या बागेत पाट्या लागतात: यंदा झाडाखाली मेजवान्या नकोत, दुखवट्याचं भान ठेवा. लोक फुलांखालून चालत जातात, बसत नाहीत. तेवढ्यात ईशान्येकडच्या इवातेचे मद्य बनवणारे व्हिडिओ काढून हात जोडतात: अहो, उपास करून आमचं भलं होत नाही, बसा, आमची साके प्या. ईशान्येच्या सगळ्या सांत्वनांत मला ही मागणी फार आवडते.

आणि १० एप्रिलला, रविवारी, कोएन्जीला चला. जुन्या कपड्यांच्या दुकानांचा, पंक गाण्यांचा, स्वस्त खाण्याचा भाग. ‘शिरोतो नो रान’ नावाच्या जुन्या वस्तू विकणाऱ्या मंडळींनी मोर्चा काढलाय. शे-पाचशे येतील अशी तुमची समजूत. संयोजक पुढे १५ हजार सांगतील. महिनाभर कुजबुजलेलं शहर इथे पहिल्यांदा ओरडतंय. ट्रकवर बँड, गिटार कर्कश, ढोल छातीत वाजतायत, कुणी पातेलं बडवतंय, कुत्र्याच्या गळ्यात पाटी आहे: अणुवीज नको. ऊन लागतंय. महिन्यानंतर कोट काढून हातावर घेता. शेजारी बाबागाडी ढकलत एक आई, तिच्यापुढे जन्मात मोर्चाला न गेलेले एक आजोबा, टाय लावून. आणि दोन्ही बाजूंना पोलीस, भोंग्यातून नम्रपणे विनवतायत की कृपया एकाच मार्गिकेत चाला, मागे गाड्या खोळंबल्यात.

एक विद्यार्थिनी विचारते, “तुमच्या देशात आहेत का अशा भट्ट्या?”

आहेत. तारापूर, मुंबईच्या उत्तरेला, समुद्रकाठी; १९६९मध्ये सुरू झालेली. उकळत्या पाण्याची, जनरल इलेक्ट्रिकची, म्हणजे इथल्या एक नंबरच्याच खानदानातली, वयानं थोडी मोठी. आणि मुंबईच्या बरंच दक्षिणेला, माडबनच्या सड्यावर, जैतापूर प्रकल्पासाठी जमिनी घेतल्यात. तिथले कोळी आणि आंबेवाले ओरडतायत. ती मोबाइलमध्ये नकाशा काढायला सांगते. तुम्ही बोटानं कोकण दाखवता, ती बोटानं फुकुशिमा दाखवते, ढोलांच्या आवाजात दोघांनाही दुसऱ्याचं अर्धं ऐकू येत नाही.

संध्याकाळी मोर्चा पांगतो आणि रेल्वेच्या पुलाखालच्या खानावळी भरतात. कोळशावर कोंबडीच्या काड्या, धुरानं डोळे चुरचुरतात, घसे बसलेले सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडतायत. मालकानं फळ्यावर खडूनं लिहिलंय: आजची साके, फुकुशिमा. “नको अणुवीज” म्हणून गळा फाडलेली ती सगळी टोळी तीच मागवते. बाबागाडीवाली आई सुद्धा मागवते, एक पेला. सोबत आलेल्या वाटीतला पालक ती चॉपस्टिकनं हलकेच नवऱ्याच्या बशीत सरकवते. नवरा बघतो, खातो, आणि आणखी एक वाटी मागवतो.